पत्नी अमेरिकन नागरिक आहे, तिने माझ्यासाठी आय-१३० (जोडीदाराला तिकडे कायमचं बोलावण्याचा पहिला अर्ज) भरून सात महिने झाले. राजीनामा देऊन टुरिस्ट व्हिसावर जावं आणि तिथेच ग्रीन कार्डाचा अर्ज करावा का?

नाही. राजीनामा देऊ नका, आणि टुरिस्ट व्हिसाच्या वाटेला तर मुळीच जाऊ नका.

हा सल्ला सासरच्या एका वडीलधाऱ्या माणसाने दिला असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही. मलाही तो असाच मिळाला होता, माझ्या चुलतसासऱ्यांकडून. त्यांचं अर्धं आयुष्य न्यू जर्सीत, एडिसनला गेलं. माणूस कर्तबगार, कुणाच्याही अडीअडचणीला धावणारा. पण त्यांना स्वतःला ग्रीन कार्ड मिळालं ते कंपनीकडून. नवरा-बायकोच्या अर्जाशी त्यांचा कधी संबंध आलेला नव्हता, तरी सल्ला मात्र ठाम होता.

आमचं लग्न डिसेंबर २०१८ मध्ये कोल्हापुरात झालं. बायको तिकडेच लहानाची मोठी झालेली, शाळेत शिक्षिका. सुट्टी संपली, ती परत गेली आणि नव्या वर्षात तिने माझा आय-१३० भरला. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटी बघत होतो. दोन-तीन महिने गेले आणि काकांचा फोन आला. "जावईबापू, तिकडं बसून काय होणार? दहा वर्षांचा टुरिस्ट व्हिसा काढा, इकडे या, महिना-दोन महिने राहा आणि फाइल करून टाका. सगळे हेच करतात."

मी म्हटलं, "काका, टुरिस्ट व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये सरळ प्रश्न आहे की तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट पिटिशन, म्हणजे आय-१३० सारखा अर्ज, भरलाय का. हो लिहिलं तर व्हिसा मिळणं अवघड, आणि नाही लिहिलं तर ते खोटं."

"तिथं 'नाही' असंच लिहायचं. कोण बघतंय?"

बघतात. आय-१३० त्याच सरकारकडे भरलेला असतो, त्यावर तुमचं नाव, जन्मतारीख, पत्ता सगळं असतं. टुरिस्ट व्हिसाच्या खिडकीवर तुम्ही परत येणार हे पटवण्याची जबाबदारी तुमची असते. बायको तिकडे आणि पिटिशन चालू, मग पटवणार काय? समजा व्हिसा मिळाला, तरी विमानतळावरचा अधिकारी विचारणारच. राहायच्या इराद्याने जाऊन "फिरायला आलोय" म्हणालात आणि ते पकडलं गेलं, तर फसवणुकीचा शिक्का बसतो, आणि त्यावरची बंदी आयुष्यभराची असते. माफीचा अर्ज करता येतो, पण तुमच्यावाचून बायकोचे अतोनात हाल होतील हे कागदोपत्री सिद्ध करावं लागतं. ज्या बायकोकडे लवकर जायचं म्हणून हे करायचं, तिलाच त्या खाईत ढकलायचं. मला ते जमण्यासारखं नव्हतं आणि मी तसं स्पष्ट सांगितलं.

काकांना ते लागलं. पुढे त्यांच्याकडच्या सत्यनारायणाला, माझी बायको समोर बसलेली असताना, ते चार माणसांत म्हणाले की मुलात धमक असती तर आत्तापर्यंत इथे असता. तिने मला ते बऱ्याच दिवसांनी सांगितलं.

धमक कशाला म्हणायची ते सांगतो. गावात राहून वाट बघणाऱ्या नवऱ्याला काय ऐकावं लागतं हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. "काय ओ, अजून हितंच? बायकोनं न्हेलं न्हाई व्हय?" चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, अगदी कारखान्याच्या गेटवरसुद्धा. नवऱ्याकडे जायला व्हिसाची वाट बघणाऱ्या पोरीला कुणी असं विचारत नाही. पुरुष थांबला की तो बायकोच्या जिवावर जाणारा ठरतो. हे ऐकत रोज पहिल्या पाळीला वेळेवर जायचं, आणि निघण्याआधी फोनवर तिचा अख्खा दिवस ऐकून घ्यायचा, कारण आपली सकाळ ती तिची आदली संध्याकाळ. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेला पूर आला, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, तेव्हा ती तिकडे बातम्या बघत रात्रभर जागी होती आणि मी इकडे शेजाऱ्यांचं सामान वरच्या मजल्यावर चढवत होतो. आमचा संसार त्या काळात चालूच होता, तो विमानात बसल्यावर सुरू व्हायचा नव्हता.

आता कामाचं. या काळात खरं करायचं काम म्हणजे व्हिसाच्या फाइलला लागणारा तुमचा जन्मदाखला. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे नोंद तुमच्या आजोळच्या ग्रामपंचायतीत. माझी आजरा तालुक्यातल्या एका गावात निघाली. ग्रामसेवकाने कपाटातून जन्म-मृत्यूचं रजिस्टर काढलं, कडा कुरतडलेल्या, निळी शाई फिकी पडलेली. तारीख बरोबर, वडिलांचं नाव बरोबर. बाळाच्या नावाचा रकाना कोरा, कारण नोंद बारशाच्या आधीच झालेली. लिंग पुरुष, एवढंच. आणि आईच्या रकान्यात तिचं माहेरचं लाडाचं नाव, जे आधार कार्डावर नाही, पासपोर्टात नाही, कुठेच नाही. ते नाव आजोबांनीच सांगितलं असणार, त्यांच्या लेखी तेच तिचं नाव.

बाळाचं नाव नंतर घालता येतं. कायद्यात त्याला १५ वर्षांची मुदत आहे, सरकार ती अधूनमधून वाढवून देतं. मी शाळा सोडल्याचा दाखला जोडला, आईचं प्रतिज्ञापत्र केलं की दोन्ही नावांची व्यक्ती एकच, आणि ग्रामसेवक सुट्टीवर, मग निवडणुकीच्या कामावर, मग सही राहिली, असं करत दाखला हातात पडला. मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांत असतो, भाषांतराची भानगड नाही. तुमच्या बायकोचं लग्नानंतर मधलं नाव बदललं असेल, वडिलांच्या जागी तुमचं आलं असेल, तर तिच्या कागदांतही हाच घोळ असणार. आत्ताच बघून ठेवा.

लग्नाच्या पुराव्याचं फार टेन्शन घेऊ नका. ठरवून केलेलं लग्न त्यांना नवीन नाही. साखरपुड्याचे फोटो, लग्नपत्रिका, दोन्हीकडची माणसं एकत्र असलेले फोटो, तिच्या येण्याजाण्याचे शिक्के, बोलल्याच्या नोंदी. नटूनथटून फक्त दोघांचेच काढलेले स्टुडिओतले फोटो कमी द्या. ज्या फोटोत तुमची आई आणि तिची आई शेजारी बसून जेवतायत तो द्या.

राजीनाम्याबद्दल. फेब्रुवारी २०२० मध्ये आमची फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडून पास झाली, म्हणजे कागद पूर्ण, फक्त मुंबईच्या मुलाखतीची तारीख यायची. काकांचा पुन्हा फोन. "आता तरी नोकरी सोडा, तारीख पडली की धावपळ होईल." मी मालकांना पहिल्यापासून सगळं सांगून ठेवलं होतं. ते म्हणाले, "कागद हातात येऊस्तवर हितंच ऱ्हा, नवी मोल्डिंग लाइन तूच उभी कर." माणूस निघून जाणार हे माहीत असूनही त्यांनी ती जबाबदारी माझ्याकडे दिली, याचा मला आजही अभिमान आहे.

मार्चमध्ये कॉन्सुलेट बंद. एप्रिलमध्ये इमिग्रंट व्हिसा थांबवण्याचा हुकूम निघाला. नागरिकांच्या नवरा-बायकोला त्यातून वगळलं होतं, पण खिडकीच बंद असल्यावर वगळून उपयोग काय? फाउंड्रीही काही आठवडे बंद राहिली, मग निम्म्या माणसांवर सुरू झाली. फेब्रुवारीत राजीनामा दिला असता तर मी वर्षभराहून जास्त काळ घरी बसलो असतो, वडिलांच्या पेन्शनवर, आणि तेही अशा वर्षात. त्याऐवजी ती लाइन उभी राहिली, पहिल्या लॉटचं रिजेक्शन आम्ही रात्री थांबून खाली आणलं, आणि पगार चालू राहिला. काकांना याचं उत्तर मी कधी तोंडावर दिलं नाही. ते हे आहे.

मुलाखत २०२१ मध्ये झाली, मुंबईला बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये. फार तर दहा मिनिटं. बायको काय शिकवते, लग्न कुणी जुळवलं, ती शेवटची कधी आली होती. बाजूच्या खिडकीवर एका आजींची मुलाखत गुजरातीतून चालली होती. व्हिसाची मुदत मेडिकल तपासणीच्या तारखेला बांधलेली असते, जास्तीत जास्त सहा महिने. तेवढ्यात नोटीस पिरियड सहज बसतो. म्हणून पासपोर्टवर व्हिसा चिकटल्यावर राजीनामा द्या, त्याच्या एक दिवसही आधी नको. मी तेच केलं, लाइन दुसऱ्याच्या हाती नीट सोपवून निघालो. उशीर झाल्याचा एक फायदाही झाला. अमेरिकेत पाऊल टाकलं तेव्हा लग्नाला दोन वर्षं उलटून गेली होती, त्यामुळे थेट दहा वर्षांचं कार्ड मिळालं. दोन वर्षांच्या आत पोचलात तर कार्ड दोन वर्षांचंच मिळतं, आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१, म्हणजे कार्डावरची अट काढण्याचा अर्ज, भरावा लागतो. १९८६ पासूनचा नियम आहे.

"बायकोच्या जिवावर" म्हणणाऱ्यांना एक गोष्ट माहीत नसते. तिने आय-८६४ या आर्थिक हमीपत्रावर सही केली, म्हणजे मी सरकारवर ओझं झालो तर ती बांधील. घटस्फोट झाला तरी ती बांधिलकी सुटत नाही. मी नागरिक होईपर्यंत किंवा माझ्या कामाच्या ४० तिमाही भरेपर्यंत ती चालू राहते. उत्पन्न गरिबीरेषेच्या सव्वापट लागतं, २०२५ च्या तक्त्याप्रमाणे ते दोघांसाठी २६,४३७ डॉलर होतं. काकांनी जॉइंट स्पॉन्सर व्हायची, म्हणजे तिच्या जोडीने हमी घ्यायची तयारी दाखवली होती, मनापासून दाखवली होती. तिने नम्रपणे नको सांगितलं आणि स्वतःच्या पगारावर एकटीने सही केली. माझ्यासाठी एवढं अंगावर घेणाऱ्या बाईच्या फाइलमध्ये मी एक खोटं "नाही" लिहायला हवं होतं का?

आता थोडं सावरून. मी वकील नाही. बायको नागरिक नसून ग्रीन कार्डधारक असेल तर गणित वेगळं, तिथे दरवर्षीचा कोटा असतो आणि कुणाचा नंबर लागला ते सांगणारं व्हिसा बुलेटिन बघत बसावं लागतं. आधीच एच-वन या नोकरीच्या व्हिसावर किंवा विद्यार्थी म्हणून तिकडे असलेल्याने नागरिकाशी लग्न करून तिथेच आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डाचा अर्ज, भरणं पूर्ण कायदेशीर आहे. खरोखर फिरायला गेलेल्याचं तिथे गेल्यावर मन बदललं, तर तेही वेगळं. पण फिरायला गेलेल्याला त्या मार्गाने वर्क परमिट येईपर्यंत नोकरी करता येत नाही, आणि अर्ज टाकल्यावर परवानगीशिवाय बाहेर पडलात तर बहुतेकांचा अर्ज सोडून दिला असं धरतात. आई-वडील इकडे थकलेले असतील तर हा विचार आधी करा. तुमची वाट किती लांबेल हे माझ्या तारखांवरून काढू नका, माझ्यामध्ये कोविड आला होता.

जन्मदाखल्याचं मात्र याच आठवड्यात बघा. आजोळी मामा असतील तर त्यांना फोन लावा, ग्रामपंचायतीत रजिस्टर उघडून रकान्यांचा फोटो पाठवायला सांगा, आणि आईचं नाव काय लिहिलंय ते पहिलं वाचा.