कॉलेज फुटबॉलमधील कोणत्या खेळाडूला एनएफएलचा कोणता संघ निवडेल, याचा अंदाज आधी बांधता येतो का?

आपला प्रश्न असा आहे की, अमेरिकेतील कॉलेज फुटबॉल (अंडाकृती चेंडू हातात घेऊन खेळायचा अमेरिकन फुटबॉल) खेळणाऱ्या मुलांपैकी कोणाला एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ घेतील हे जाणकार मंडळी आधीच कसे सांगतात, त्यामागे काही पद्धत असते का, आणि भारतात बसून सामने पाहणाऱ्या माणसाला हा अंदाज बांधणे जमेल का. मी बरीच वर्षे मिशिगनमध्ये राहतो. दर एप्रिलमध्ये पहिल्या फेरीतील बत्तीस नावे मी कागदावर लिहितो आणि ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी खेळाडू निवडण्याच्या, रात्री ती निकालाशी ताडून पाहतो. त्या अनुभवावरून सांगतो की अंदाज नक्कीच बांधता येतो, परंतु त्यासाठी खेळाडूंइतकाच, किंबहुना त्यांच्यापेक्षा जास्त, संघांचा अभ्यास करावा लागतो.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या वाचकांसाठी आधी एक फरक स्पष्ट करतो. लिलावात जो जास्त पैसे मोजेल त्याला खेळाडू मिळतो. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. मागच्या हंगामात सर्वांत खाली राहिलेल्या संघाची पाळी पहिली येते, विजेत्याची शेवटी येते, आणि अशा सात फेऱ्या तीन दिवस चालतात. शाळा सोडून तीन वर्षे झालेला खेळाडूच पात्र ठरतो. कॉलेज क्रीडास्पर्धा चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या अंदाजानुसार दरवर्षी साधारण १६,००० खेळाडू पात्र असतात आणि त्यांतून अडीचशेच्या आसपास निवडले जातात. २०२४ मध्ये ही संख्या २५७ होती. पाळीची अदलाबदल करता येते, म्हणजे एखादा संघ आपल्या पुढच्या काही पाळ्या देऊन आजची वरची पाळी विकत घेऊ शकतो. अंदाज करणाऱ्याची निम्मी अडचण याच एका नियमातून निर्माण होते.

'अंदाज' या एका शब्दाखाली लोक तीन वेगळे प्रश्न एकत्र करतात, असे माझे निरीक्षण आहे. खेळाडू निवडला जाईल का, हा पहिला प्रश्न. कितव्या क्रमांकावर आणि कोणाकडून, हा दुसरा. तो पुढे चमकेल का, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर बऱ्याच प्रमाणात देता येते, दुसऱ्याचे काही प्रमाणात, आणि तिसऱ्याचे स्वतः संघांनाही नीट देता येत नाही. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर आणि केड मॅसी यांनी ड्राफ्टच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून दाखवले की, एकाच जागेवर खेळणाऱ्या दोन लागोपाठच्या निवडींपैकी आधी घेतलेला खेळाडू सरस ठरण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा थोडीशीच जास्त असते. पुढे महान खेळाडू ठरलेला टॉम ब्रेडी २००० साली सहाव्या फेरीत १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढे आपल्या संघाचा मुख्य खेळाडू झालेला ब्रॉक पर्डी २०२२ मध्ये अगदी शेवटचा, २६२ वा होता. ही दोन नावे घेऊन 'ड्राफ्टचे अंदाज फोल असतात' असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ब्रेडी खूप उशिरा निवडला जाईल, हा त्या वेळचा अंदाज बरोबरच होता. चुकले ते त्याच्या गुणवत्तेचे मूल्यमापन.

पहिल्या प्रश्नासाठी उपयोगी पडणाऱ्या खुणा फार गुप्त नाहीत. फेब्रुवारीच्या अखेरीस इंडियानापोलिसला 'कम्बाइन' नावाची चाचणी होते आणि तिचे निमंत्रण तीनशेहून थोड्या अधिक खेळाडूंनाच जाते. निवडले जाणारे बहुतेक खेळाडू त्यांच्यातलेच असतात, त्यामुळे त्या यादीत नाव असणे ही सर्वांत भक्कम खूण मानावी. मोबील, अलाबामा येथे होणाऱ्या सीनियर बोल या सामन्याच्या आधीचा आठवडाभराचा सराव ही दुसरी खूण. तिथे छोट्या कॉलेजचा मुलगा मोठ्या कॉलेजच्या मुलासमोर उभा राहतो आणि स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्या, मंडळींचे लक्ष सामन्यापेक्षा त्या सरावाकडेच अधिक असते. धावण्याच्या वेळेला मात्र वर्तमानपत्रे देतात तेवढे वजन देऊ नये. २०१७ मध्ये जॉन रॉसने चाळीस यार्ड ४.२२ सेकंदांत कापले आणि तो नवव्या क्रमांकावर गेला. २०२४ मध्ये झेवियर वर्दीने ४.२१ सेकंदांचा विक्रम केला, तरी तो २८ व्या क्रमांकावर गेला. वेग जवळपास सारखाच होता, परंतु वजन, उंची, त्या वर्षी उपलब्ध असलेले इतर रिसीव्हर (पास झेलणारे खेळाडू) आणि समोरच्या संघांची गरज यांपैकी काहीच सारखे नव्हते.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी मी स्वतः पाहिलेला एक प्रसंग सांगतो. २०२४ चा ड्राफ्ट डेट्रॉइटला झाला. तीन दिवसांत मिळून पावणेआठ लाखांहून अधिक लोक शहराच्या मध्यभागी आले होते. पहिल्या रात्री मीही तिथल्या गर्दीत, घडी घालून खिशात ठेवलेला माझा कागद घेऊन उभा होतो. पहिली तीन नावे, म्हणजे केलेब विल्यम्स, जेडन डॅनियल्स आणि ड्रेक मे, माझ्या यादीत त्याच क्रमाने होती आणि प्रत्येक नावापुढे मी बरोबरची खूण केली. आठव्या क्रमांकावर अटलांटा फाल्कन्सची पाळी आली. त्यांना प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकवर (पास फेकून संघाची चढाई चालवणाऱ्या खेळाडूवर) चाल करून जाणारा बचावपटू हवा आहे, हे सर्वांनाच ठाऊक होते, त्यामुळे मी अलाबामा विद्यापीठाच्या डॅलस टर्नरचे नाव लिहिले होते. पुकारले गेले ते मायकेल पेनिक्स ज्युनियर या क्वार्टरबॅकचे. माझ्या आजूबाजूला लायन्स या डेट्रॉइटच्या संघाचे निळे जर्सी घातलेले लोक होते. त्यांचा अटलांटाशी काडीचाही संबंध नव्हता, तरीही एक-दोन क्षण सगळे गप्प झाले आणि मग प्रत्येक जण शेजाऱ्याकडे वळून तेच नाव प्रश्नार्थक सुरात उच्चारू लागला. सहाच आठवड्यांपूर्वी फाल्कन्सनी कर्क कझिन्स या अनुभवी क्वार्टरबॅकशी चार वर्षांचा, १८ कोटी डॉलरपर्यंत जाणारा करार केला होता. त्याच जागेवर ते आपली सर्वांत मोलाची पाळी खर्च करतील, असे कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते.

त्या रात्री घरी आल्यावर मी हिशेब मांडला. पेनिक्सच्या खेळाविषयी माझे मत चुकले नव्हते. त्याचा लांब पल्ल्याचा पास उत्तम आहे, दोनदा गुडघ्याचे अस्थिबंध तुटलेले आहेत आणि मे महिन्यात तो २४ वर्षांचा होणार आहे, हे सगळे मी टिपून ठेवले होते. चूक झाली होती ती संघाच्या विचारपद्धतीबाबत. मी गरजांची यादी पाहत होतो. फाल्कन्सचे व्यवस्थापन मात्र कझिन्स पस्तिशीचा आहे, त्याच्या पायाची मोठी शस्त्रक्रिया झाली आहे आणि आपली पाळी इतक्या वर पुन्हा लवकर येईलच असे नाही, हे पाहत होते.

क्वार्टरबॅकच्या बाबतीत संघ असे का वागतात, हे समजण्यासाठी पैशांचे गणित पाहावे लागते. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या सॅम ब्रॅडफर्डला पाच कोटी डॉलरची हमी मिळाली होती. २०११ मध्ये लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यात झालेल्या कामगार करारानंतर नवोदितांच्या वेतनाचा तक्ताच ठरला आणि त्याच वर्षी पहिल्या आलेल्या कॅम न्यूटनचा चार वर्षांचा पूर्ण करार सव्वादोन कोटींच्या आत बसला. याचा अर्थ असा की, चांगला क्वार्टरबॅक हाती लागला तर चार-पाच वर्षे तो अत्यंत स्वस्तात मिळतो आणि वाचलेल्या पैशांत बाकीचा संघ उभा करता येतो, तर फसला तरी संघ बुडत नाही. म्हणूनच निखळ खेळ पाहता ज्याला मी विसावा क्रमांक देईन, असा क्वार्टरबॅक दहाव्या क्रमांकाच्या आत जाऊ शकतो. २०२४ मध्ये पहिल्या बारांत सहा क्वार्टरबॅक गेले आणि पहिल्या चौदा निवडींत एकही बचावपटू नव्हता. अंदाज करताना मी आता प्रत्येक जागेचे बाजारातले मोल आधी लिहितो: क्वार्टरबॅक, त्याच्या खालोखाल टॅकल (क्वार्टरबॅकचे रक्षण करणारा कडेचा खेळाडू), एज रशर (कडेने क्वार्टरबॅकवर चाल करून जाणारा), रिसीव्हर आणि कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारा). रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा), गार्ड (टॅकलच्या आतल्या बाजूचा रक्षक) आणि सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) कितीही गुणी असले तरी बहुधा त्यांच्यानंतर येतात.

मात्र हे गणित आंधळेपणाने लावले तर तेही दगा देते. २०२२ मध्ये मलिक विलिस हा क्वार्टरबॅक पहिल्या फेरीत जाईल असे जवळपास सगळेच लिहीत होते. तो तिसऱ्या फेरीत ८६ व्या क्रमांकावर गेला आणि त्या वर्षीच्या पहिल्या पाचही निवडी बचावपटूंच्या झाल्या. २०२५ मध्ये शेडूर सँडर्सला मेल कायपर यांच्यासारखे १९८० च्या दशकापासून हे काम करणारे विश्लेषक त्या वर्षीच्या ड्राफ्टमधील सर्वोत्तम क्वार्टरबॅक मानत होते, पण तो पाचव्या फेरीत १४४ वा निवडला गेला आणि त्याच्याआधी पाच क्वार्टरबॅक घेतले गेले. अशा मोठ्या चुकांचे कारण माझ्या मते एकच आहे. अंदाज करणारे लोक एकमेकांचे अंदाज वाचतात. पन्नास याद्यांत एक नाव दिसले म्हणजे पन्नास स्वतंत्र माहितगार तसे सांगत आहेत असे वाटते, प्रत्यक्षात मूळ माहिती दोन-तीन ठिकाणांहून आलेली असते आणि बाकीच्यांनी ती पुढे नेलेली असते.

त्यात संघ स्वतः ताकास तूर लागू देत नाहीत. एप्रिल महिन्यात बाहेर पडणाऱ्या बातम्यांपैकी कितीतरी बातम्या मुद्दाम सोडलेल्या असतात, कारण आपल्याला कोण हवा आहे हे कळले तर दुसरा संघ पाळी विकत घेऊन पुढे उडी मारू शकतो. २०२३ च्या ड्राफ्टच्या काही दिवस आधी समाजमाध्यमावर एका निनावी माणसाने लिहिलेल्या दोन ओळींमुळे विल लेव्हिस पहिला निवडला जाईल यावर पैजांचा ओघ सुरू झाला. प्रत्यक्षात ब्राइस यंग पहिला आला, आणि लेव्हिस ती संपूर्ण रात्र नाव पुकारले जाण्याची वाट पाहत बसून राहिला. त्याची निवड दुसऱ्या दिवशी ३३ व्या क्रमांकावर झाली.

खरी माहिती बहुधा वैद्यकीय कागदांत असते आणि ती आपल्यापर्यंत पोहोचत नाही. २०१६ मधले जेलन स्मिथचे उदाहरण मला फार बोलके वाटते. नोत्र दाम विद्यापीठाचा हा लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या रांगेतला खेळाडू) पहिल्या पाचांतला मानला जात होता. १ जानेवारीच्या सामन्यात त्याचा गुडघा निकामी झाला आणि मज्जातंतूलाही इजा झाली. तो पुन्हा खेळेल की नाही हे नक्की नसल्यामुळे पहिल्या फेरीत त्याला कोणीच हात लावला नाही. डॅलस काउबॉइजनी त्याला ३४ व्या क्रमांकावर घेतले. त्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर काउबॉइज संघाचेच डॉक्टर होते. जे इतर संघांना अहवालात वाचावे लागत होते, ते डॅलसच्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेले होते. २०१६ चा पूर्ण हंगाम स्मिथ बाहेर होता आणि २०१९ मध्ये तो प्रो बोलपर्यंत, म्हणजे लीगमधील निवडक उत्तम खेळाडूंच्या यादीपर्यंत, पोहोचला. असा अंदाज बाहेरच्या माणसाला कितीही अभ्यास केला तरी बांधता येणार नाही.

आता आपल्याला स्वतः सुरुवात करायची असेल तर मी असे सुचवीन. सर्व बत्तीस संघांच्या मागे लागू नका. तीन-चार संघ घ्या आणि त्यांचे जनरल मॅनेजर गेली पाच वर्षे कोणत्या वयाचे, कोणत्या बांध्याचे, कोणत्या कॉलेजांतले खेळाडू घेत आले आहेत हे लिहून काढा. माणसांच्या आवडीनिवडी सहसा बदलत नाहीत. कोणाचा करार पुढच्या वर्षी संपतो हे पाहा, कारण संघ आजच्या खिंडारापेक्षा उद्याचे खिंडार भरण्यासाठी ड्राफ्ट वापरतात. नवा प्रशिक्षक आला असेल तर जुन्या नोंदींचे वजन कमी करा. आणि नावापुढे एकच क्रमांक लिहिण्याऐवजी पट्टा लिहा, उदाहरणार्थ 'पंधरा ते तीस, पहिल्या फेरीत जाण्याची शक्यता सत्तर टक्के'. असे सत्तर टक्के लिहिलेल्या दहा नावांपैकी सुमारे सात जण खरोखर पहिल्या फेरीत गेले, तर आपला अंदाज चांगला. दहाही गेले, तर आपण गरजेपेक्षा जास्त हात राखून लिहीत आहात.

मी हे डेट्रॉइट लायन्सपासून सुरू केले, कारण त्यांचे सामने मला सर्वांत जास्त पाहायला मिळतात. २०२४ मध्ये ते कॉर्नरबॅक घेतील असे मी लिहिले होते आणि २९ व्या क्रमांकावर त्यांची पाळी होती. त्यांनी डॅलसशी अदलाबदल करून २४ वा क्रमांक मिळवला आणि अलाबामाचा टेरियन आर्नल्ड घेतला. जागा बरोबर ठरली, क्रमांक चुकला आणि नावही मी दुसरेच लिहिले होते. तरीही तो अंदाज मी बरोबरच्या रकान्यात धरतो, कारण संघ काय करणार आहे हे मला कळले होते.

सातव्या फेरीचा अंदाज मी करत नाही आणि आपणही करू नये. तिथपर्यंत येता येता संघांच्या याद्या एकमेकींपासून इतक्या दूर गेलेल्या असतात की, एकाच्या यादीत दीडशेवा असलेला मुलगा दुसऱ्याच्या यादीत नसतोच. ती फेरी चालू असतानाच संघांचे लोक न निवडल्या गेलेल्या मुलांना फोन करू लागतात. काही मुलांचे एजंट तर मनातून हेच धरून असतात की आता नाव पुकारले जाऊ नये, म्हणजे आपल्या जागेवर कमी गर्दी असलेला संघ स्वतः निवडता येईल.