वाचकांचे प्रश्न : जनावरांतील मायक्रोस्पोरिडिया आणि माणसाला होणारा संसर्ग

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेले आहे. त्यांना बरेच दिवस जुलाब होत होते आणि तपासणीत मायक्रोस्पोरिडिया हे परजीवी सापडले. घरी कुत्रा व गोठ्यात वासरे आहेत. कुत्र्याच्या विष्ठेच्या अहवालात मात्र ‘परजीवी आढळले नाहीत’ असे आले. मग संसर्ग जनावरांकडून आलेला नाही, असे समजावे का?

उत्तर : एवढ्या अहवालावरून तसे समजू नये. विष्ठेची नेहमीची तपासणी जंतांची अंडी शोधण्यासाठी असते. कुत्र्यातील गोलकृमीचे अंडे साधारण ७५ ते ९० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, तर माणसात सर्वाधिक आढळणाऱ्या एंटेरोसायटोझून बिएन्यूसी या मायक्रोस्पोरिडियाचा बीजाणू (विष्ठेतून बाहेर पडून संसर्ग पसरवणारा सूक्ष्म कण) जेमतेम १ ते १.५ मायक्रॉनचा, म्हणजे एखाद्या जिवाणूएवढा असतो. मुद्दाम शोधल्याशिवाय तो दिसत नाही. शिवाय बाधित जनावर वरून पूर्ण निरोगी दिसू शकते आणि बीजाणू रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाहीत. त्यामुळे वेगवेगळ्या दिवशी घेतलेले दोन-तीन नमुने एका नमुन्यापेक्षा कितीतरी भरवशाचे ठरतात.

मॉडिफाइड ट्रायक्रोम रंजनात, म्हणजे नमुना खास रंगांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर, हे बीजाणू गुलाबी, लंबगोल दिसतात आणि काहींच्या मधोमध आडवा पट्टा उमटतो. हा पट्टा दिसला की तपासणाऱ्याची खात्री पटते. कॅल्कोफ्लोर हे चमकणारे रंजक बीजाणूच्या भिंतीतील कायटिन या घटकाला चिकटते, पण ते यीस्टलाही चमकवते, म्हणून केवळ त्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. सूक्ष्मदर्शकातून प्रजाती ठरवता येत नाही; त्यासाठी पीसीआर ही परजीवीचा डीएनए ओळखणारी चाचणी लागते. पीसीआरसाठीचा नमुना फॉर्मॅलिन या नमुने टिकवण्याच्या द्रावणात ठेवू नये, कारण त्याने डीएनए खराब होतो.

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर मात्र पीसीआर ‘पॉझिटिव्ह’ आल्यानेही मिळत नाही. बिएन्यूसीचे शेकडो जनुकीय प्रकार आहेत. ‘डी’ हा प्रकार माणसांत आणि अनेक प्राण्यांत आढळतो, तर काही प्रकार बहुतांशी एकाच प्राण्यात दिसतात. अर्थात या सीमाही पक्क्या नाहीत, कारण गुरांपुरतेच मानले गेलेले ‘आय’ आणि ‘जे’ हे प्रकार पुढे माणसांतही सापडले. म्हणून भावाच्या आणि जनावरांच्या नमुन्यांतील जनुकीय प्रकार ताडून पाहावे लागतात. ते वेगळे निघाले, तर त्या जनावरावरचा संशय बराच कमी होतो. जुळले, तरी संसर्ग कोणाकडून कोणाकडे गेला हे सिद्ध होत नाही, कारण दोघांनाही तो एकाच दूषित पाण्यातून झालेला असू शकतो.

भावाच्या उपचारासाठी प्रजाती कळणे याहून निकडीचे आहे. एन्सेफॅलिटोझून इंटेस्टिनॅलिस या मायक्रोस्पोरिडियाच्या दुसऱ्या प्रजातीवर अल्बेंडाझोल हे जंतनाशक औषध चांगले लागू पडते, बिएन्यूसीवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. प्रत्यारोपणानंतरच्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांच्या मात्रेचा विचारही त्यांच्या डॉक्टरांना करावा लागेल. त्यात घरच्यांनी परस्पर बदल करू नये.

जनावरे घरातून काढण्याची गरज नाही. भावाने मात्र शेण काढणे, कुत्र्याची घाण उचलणे आणि विशेषतः हगवण लागलेल्या वासराजवळ जाणे आजपासूनच टाळावे, त्यासाठी अहवालाची वाट पाहू नये. ही कामे करणाऱ्यांनी हातमोजे वापरावेत व नंतर साबणाने हात धुवावेत, आणि भावाला पाणी उकळूनच द्यावे.