जनावराचं वागणं बदललं की आधी गव्हाण बघा

प्रश्न (मोहोळ): आमची उस्मानाबादी शेळी कालपासून भिंतीला डोकं टेकवून उभी राहते, मान मागे टाकून आभाळाकडे बघते. कळपात मिसळत नाही. घरचे म्हणतात, बाहेरचं झालंय, उतारा टाका. गेल्या आठवड्यात तिने खळ्यावरची ज्वारी भरपूर खाल्ली होती.

उत्तर: उताऱ्यात वेळ घालवू नका, आजच पशुवैद्यकांना बोलवा. ज्वारीचं लिहिलंत ते फार बरं केलंत. दुखणं बहुधा तिथूनच सुरू झालंय. शेळीच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, स्वतःच तयार करतात. दाणे बेसुमार गेले की पोट आंबतं आणि थायमिन फोडणारे जिवाणू वाढतात. मेंदूला साखरेपासून ऊर्जा मिळवायला हेच जीवनसत्त्व लागतं. ते कमी पडलं की मेंदूला सूज येते. मग शेळी कळप सोडते, तिला दिसेनासं होतं, मान मागे वळते. थायमिनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर बऱ्याचदा दिवसभरातच फरक दिसतो, नजर यायला मात्र जास्त दिवस लागतात. औषध स्वस्त आहे, सहज मिळतं, तरी केवळ उशिरामुळे शेळ्या दगावतात, याचं फार वाईट वाटतं.

रेबीज आणि लिस्टेरिया या जिवाणूच्या आजारातही वागणं असंच बिघडतं, म्हणून तोंडात हात घालू नका, काही पाजूही नका. हगवणीवर अँप्रोलियम हे औषध चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. ते थायमिनच्या आड येतं.

प्रश्न (मंगळवेढा): गाय दिवसा गरीब असते, दिवेलागणीला मात्र गोठ्याबाहेर पाऊल टाकत नाही, बादलीला अडखळते, हात लावला की दचकते. मुलगा काठीने हाकतो. दिवाळीपासून ती नुसत्या कडब्यावर आहे.

उत्तर: आधी मुलाच्या हातातली काठी काढून घ्या. गाय हट्टी झालेली नाही, तिला अंधूक उजेडात दिसत नसावं. मालदांडी ज्वारीचा कडबा चांगलाच, पण उन्हात पांढरा पडलेल्या वैरणीत कॅरोटीन फारसं उरत नाही, आणि त्यापासूनच गाय अ जीवनसत्त्व बनवते. यकृतातला साठा काही महिने पुरतो, म्हणून हिरवं दिवाळीला बंद झालं तरी त्रास उन्हाळ्यात दिसतो. तिच्या नेहमीच्या वाटेत वैरणीची पेंढी आडवी टाकून बघा. दिवसा ओलांडते आणि कातरवेळी अडखळते, तर शंका बळावते. लसूणघास, शेवरी किंवा शेवग्याचा पाला रोज थोडा सुरू करा. इंजेक्शनचं डॉक्टर ठरवतील. गाभण असेल तर थांबूच नका, वासरू आंधळं जन्मू शकतं.

प्रश्न (सोलापूर शहर): आमचा कुत्रा हल्ली अंगावर धावून येतो. माणसांचं बी-कॉम्प्लेक्स सिरप देऊ का?

उत्तर: नको. काही सिरपांत गोडीसाठी झायलिटॉल असतं, ते कुत्र्याला विषारी आहे. नुसत्या दूध-पोळीवर वाढलेल्या कुत्र्यात कमतरता असू शकते, पण चिडकेपणामागे दुखरा कान, दात, सांधा किंवा भीती जास्त वेळा निघते. वागणं अचानक बदललं असेल, लाळ गळत असेल तर त्याला वेगळं बंद करून डॉक्टरांना कळवा. कुणाला चावला असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्यायला जा.