शिकारीची आवड आहे, मग नोकरी कुठली घेऊ?

प्रश्न : सर, मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, वय २९. फर्मागुढीच्या कॉलेजमधून मेकॅनिकल केलं आणि आता वेर्ण्याला पंप-व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत फील्ड सर्व्हिसला आहे. कंपनी मला एल-१ (कंपनीअंतर्गत बदलीच्या) व्हिसावर अमेरिकेत, टेक्सासमधल्या ह्यूस्टनला पाठवायला तयार आहे. दुसरी ऑफर न्यूझीलंडच्या साउथलँडमधली, दूध पावडरच्या कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअरची. पगार ह्यूस्टनपेक्षा बराच कमी. आमच्या आजोबांकडे शेतराखणीची लायसनची बंदूक होती, दर निवडणुकीला ती वाळपईच्या पोलीस स्टेशनवर जमा करायला मी त्यांच्याबरोबर जायचो. हाकाऱ्याच्या गोष्टी ऐकत वाढलो. इथे शिकार बंद आहे आणि ती बंदच राहणार. पण तिकडे ती कायदेशीर करता येते. टेक्सासमध्ये आपली चितळं आणि नीलगायीसुद्धा आहेत, न्यूझीलंडला तर हरणंच हरणं! मामेभाऊ कॅनडात कॅलगरीला ये म्हणतो. आई म्हणते, ‘शिकारीखातीर देश सोदपी तूंच पयलो!’ फेब्रुवारीत माझं लग्न आहे, ती बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) नर्स आहे. मी कुठे जाऊ?

उत्तर : आधी आईंचं. मासे चांगले मिळत नाहीत म्हणून पुण्याची नोकरी सोडून परत आलेली मडगावची मुलं माझ्या ओळखीत आहेत, आणि त्यांना कुणी वेडं म्हटलेलं नाही. कुणी शाळा बघून शहर निवडतो, कुणी क्रिकेटचं मैदान बघून. तुझी आवड शिकारीची आहे आणि ती कायद्यात राहून करता येईल अशी जागा तू शोधतोयस. यात हसण्यासारखं काही नाही, असं मी म्हटल्याचं आईंना खुशाल सांग.

पण तुझा हिशोब चुकतोय. कुठे कोणतं जनावर, किती, शिंगं केवढी, यावर तू तीन पानं लिहिलीस. मला त्यातून एकच आकडा हवा होता आणि तोच नाही : वर्षातले किती दिवस तू कायदेशीरपणे बंदूक घेऊन रानात असशील? तो आकडा जनावरांच्या संख्येवर फारसा ठरत नाही. तो ठरतो व्हिसावर, जमीन कुणाची आहे त्यावर आणि तुझ्या ड्यूटीच्या रोस्टरवर.

आधी ह्यूस्टन बघू. चितळं आहेत, खरंच आहेत. १९३० च्या दशकात टेक्सासच्या हिल कंट्रीत आणून सोडली, आता मोकाट वाढली आहेत. दक्षिणेला किंग रँचच्या बाजूला नीलगायी आहेत. दोन्ही तिथे परकी जनावरं, म्हणून त्यांना बंद हंगाम नाही. रानडुकरं तर इतकी आहेत की जमीनमालकाची परवानगी असेल तर २०१९ पासून त्यांच्यासाठी शिकारीचं लायसनही लागत नाही.

आणि इथेच तुझ्यासारखा माणूस फसतो. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार एल-१, एच-१बी, विद्यार्थी अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मुळातच बंदी आहे. तिच्यातून सुटायच्या मोजक्या वाटा आहेत, आणि तुला लागू पडणारी वाट म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू शिकारीचं लायसन. म्हणजे टेक्सास राज्य डुकरासाठी लायसन मागत नसलं तरी तुला ते काढावंच लागेल. ऑफिसमधला मित्र शनिवारी शूटिंग रेंजवर नेतो, रायफल हातात देतो, फोटो निघतो. लायसन नसेल तर त्या फोटोत गुन्हा झालेला असतो, आणि शिक्षा झाली तर व्हिसासकट सगळंच जातं. आपली किती मुलं हे न कळता रेंजवर जातात, देव जाणे. लायसन काढणं अवघड नाही. हंटर एज्युकेशनचा कोर्स करायचा. टेक्सासमध्ये सलग सहा महिने राहिलास की रहिवाशाच्या दरात लायसन मिळतं, साधं २५ डॉलरचं. त्याआधी बाहेरच्यांचा दर, ३१५ डॉलर.

खरा खर्च पुढेच आहे. टेक्सासची नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खाजगी आहे. म्हणजे लीज घ्यायची किंवा रँचवाल्याला दिवसाचे पैसे मोजायचे, आणि वर जनावरामागे वेगळी फी. सरकारी जमीन आहे, ह्यूस्टनच्या उत्तरेला सॅम ह्यूस्टन नॅशनल फॉरेस्ट आहे, पण मोठ्या शहराला लागून असलेल्या जंगलात हंगामात गर्दी किती असेल, तूच बघ. शिवाय तुझं काम फील्ड सर्व्हिसचं. रिफायनरीची शटडाउन्स वसंतात आणि शरदात येतात, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये तुझे बारा-बारा तास प्लांटवर जाणार, आणि तिथला व्हाइटटेल हरणांचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारीच उघडतो. पगार उत्तम आहे, नाही म्हणत नाही. त्यातला बराच मात्र ओव्हरटाइमचा असेल.

एल-१ बद्दल आणखी एक. तुझ्यासारख्या तांत्रिक जागेला तो पाच वर्षांपर्यंत चालतो, आणि त्याच कंपनीला बांधलेला असतो. भारतीयांची ग्रीन कार्डची रांग किती लांब आहे ते तुला माहीत आहे. ती संपेपर्यंत तुझी बंदूक त्या एका लायसनच्या कागदावर टांगलेली राहील. एका वर्षी नूतनीकरण विसरलास आणि बंदूक घरात राहिली, तरी तो गुन्हाच.

आता साउथलँड. न्यूझीलंडमध्ये हरीण हे मूळचं जनावरच नाही. वटवाघळं सोडली तर जमिनीवरचे सगळे सस्तन प्राणी माणसांनी आणलेले. लाल हरीण, डुकरं, हिमालयातला थार हा रानबोकड (तो १९०४ मध्ये माउंट कुकजवळ सोडला), आणि उत्तर बेटावर चक्क आपलं सांबर, श्रीलंकेहून १८७५ मध्ये नेलेलं. या प्राण्यांनी झाडोरा खाऊन संपवू नये म्हणून सरकारलाच शिकारी हवे असतात. देशाची जवळजवळ एक तृतीयांश जमीन संवर्धन खात्याकडे आहे आणि तिच्यातल्या खुल्या भागांत शिकारीचा परवाना फुकट, ऑनलाइन मिळतो. बहुतेक ठिकाणी लाल हरणाला बंद हंगामच नाही. साउथलँडमध्ये राहिलास तर फिओर्डलँडचं राष्ट्रीय उद्यान दाराशी आहे. तिथल्या वापिटी या मोठ्या हरणाच्या भागांची मात्र नर ओरडायच्या दिवसांत सोडत निघते.

बंदुकीचं लायसन तिथे सहज मिळत नाही. २०१९ च्या ख्राइस्टचर्च हल्ल्यानंतर कायदा बराच कडक झाला. सुरक्षेचा कोर्स, लेखी परीक्षा, घरी येऊन बंदूक ठेवायच्या कपाटाची तपासणी, तुझी मुलाखत, आणि तुला ओळखणाऱ्यांची मुलाखत. घरच्या माणसालाही विचारतात. म्हणजे तुझ्या बायकोला विचारतील की याच्या हातात बंदूक द्यावी का. तिने तेव्हा काय उत्तर द्यावं हे लग्नाआधीच बोलून घे, मी थट्टा करत नाही. पण लायसन येईपर्यंत हात बांधून बसायची गरज नाही. लायसनधारक शेजारी उभा राहून लक्ष ठेवत असेल तर तुला बंदूक वापरता येते. डीअरस्टॉकर्स असोसिएशन या शिकाऱ्यांच्या संघटनेच्या शाखा आहेत, त्या नवख्यांना शिकवतात. कारखान्यातल्या फिटर लोकांत हे करणारे दोन-चार तरी निघतीलच. पहिला हंगाम त्यांच्याबरोबर काढ.

रोस्टरबद्दल मात्र सही करण्याआधी विचार. तिथल्या दूध कारखान्यांत चार दिवस काम, चार दिवस सुट्टी अशी बारा तासांची पाळी पुष्कळ ठिकाणी चालते. तुझ्यासाठी याहून चांगलं काही नाही, कारण मधल्या वारी रानात माणूस कमी असतो. पण मेंटेनन्सवाल्यांची गोष्ट निराळी. तिथे दूध वसंतात, ऑक्टोबरच्या सुमारास शिगेला पोचतं आणि जून-जुलैत जवळजवळ थांबतं. तेव्हाच मशिनरी उघडतात, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात रजा विसर. नर हरणं ओरडतात ती मार्चअखेर आणि एप्रिलमध्ये. तुझी रजा तेव्हा बसू शकते, पण चवथीला इथे जशी सगळं डिपार्टमेंट एकदम रजा मागतं तसंच तिथे होणार. नवीन माणसाला ती पहिल्या वर्षी मिळेल असं धरून चालू नकोस.

आता ज्या गोष्टीवर तू एक ओळही लिहिली नाहीस तिच्याबद्दल. आजोबांच्या गोष्टींतली शिकार गावाची होती. हाकाऱ्याला वीस माणसं, एक बंदुकवाला, जनावर पडलं की ओरडा, मग देवळाजवळ वाटे घालायचे, बंदुकीचा वाटा वेगळा. तिथे असं काही नाही. तू आणि फार तर एक सोबती. पहाटे चार तास चढलास, नर दिसला, पडला, सगळं मनासारखं झालं. आता समोर शंभर-दीडशे किलोंचं धूड आहे आणि गाडी खाली नदीपलीकडे. जागेवरच पोट फाडून आतडी काढायची, पुढचे पाय खांद्यातून आणि मागचे कमरेच्या सांध्यातून सुटे करायचे, पाठीचं मांस हाडापासून सोलायचं, सगळं कापडी पिशव्यांत भरून पाठीवर टाकायचं आणि उतरायचं. एका खेपेत होत नाही. वर पाऊस आला तर सकाळी घोट्याएवढी असलेली नदी दुपारी ओलांडता येत नाही. थांबलास की सँडफ्लाय या चावऱ्या माश्या फोडून काढतात. आणि निघण्याआधी त्या भागात १०८० हे विष टाकलंय का ते खात्याच्या नकाशावर बघायचं, टाकलं असेल तर ठरलेली मुदत संपेपर्यंत तिथलं मांस घरी आणायचं नाही. हे वाचून तुझा उत्साह वाढला तर तू त्यातला आहेस. ‘अरे बापरे’ म्हणालास, तर तुला आजोबा हवे आहेत, हरीण नको. मग पगार बघून ह्यूस्टन घे आणि वर्षातून एकदा पैसे मोजून रँचवर जाऊन ये, त्यातही काही वाईट नाही.

कॅलगरीबद्दल थोडक्यात. कॅनडात बंदुकीचं लायसन केंद्राचं, शिकारीचं प्रांताचं. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला किमान २८ दिवस थांबावंच लागतं. अल्बर्टात सरकारी जमीन मुबलक आहे, पण मूस, एल्क या मोठ्या हरणांच्या बऱ्याच टॅगांना (एकेका जनावराच्या परवान्यांना) सोडत असते आणि दरवर्षी अर्ज करून गुण साठवत बसावं लागतं. मामेभावाकडे तुझ्यासाठी नोकरी आहे का? नुसतं ‘ये’ आहे. ते ऑफरच्या शेजारी मांडू नकोस.

तर माझं मत साउथलँड, पण दोन कागद हातात आल्यावर. पहिला, तुझं पद त्यांच्या ग्रीन लिस्टमध्ये (माणसं कमी पडणाऱ्या कामांच्या सरकारी यादीत) नक्की कोणत्या नावाने बसतं आणि त्यातून कायमच्या वास्तव्याची वाट निघते का, हे मालकाकडून लेखी घे. इंजिनिअरची पदवी तिथे वॉशिंग्टन कराराखाली, म्हणजे देशांनी एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या मानायच्या कराराखाली तपासली जाते. भारत २०१४ पासून त्यात आहे, पण एनबीए या अभ्यासक्रम तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची टियर-१ मान्यता असलेले अभ्यासक्रमच त्यात धरले जातात. तुझ्या बॅचला, तुझ्या शाखेला ती होती का हे कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचार. नसेल तर इंजिनिअरिंग न्यूझीलंड या तिथल्या इंजिनिअरांच्या संस्थेकडून मूल्यांकन करून घ्यावं लागेल, त्याला वेळ आणि पैसे दोन्ही लागतात. दुसरा कागद रोस्टर आणि रजेच्या नियमांचा. मुलाखतीत शिकारीची आवड सांगितलीस तर साउथलँडमध्ये कुणी भुवया उंचावणार नाही. अमेरिकेच्या वकिलातीत मात्र न विचारता बंदुकीचा विषय काढू नकोस.

तुझ्या पत्रातला एक परिच्छेद मी इथे छापलेला नाही, कुठला ते तुला कळेल. गावच्या पोरांबरोबर रात्री डुकरामागे ‘नुसतं बघायला’ जाणं आजपासून बंद. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हाकारा घालणं, प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच आहे, आणि टोळीत कुणी गवा किंवा अनुसूची एकमधलं दुसरं जनावर मारलं तर तीन ते सात वर्षांची कैद आहे. गुन्हा सिद्ध होणं दूरच राहिलं, नुसती केस उभी राहिली तरी पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट अडकतं, आणि त्याच्याशिवाय न्यूझीलंडची वाट पुढे जाणं कठीण. आजोबांच्या बंदुकीचं लायसन आता कुणाच्या नावावर आहे तेही बघ. ती वारसाविना माडीवर पडून असेल तर रीतसर जमा कर, तू परदेशात असताना वडिलांना त्याचा त्रास नको.

आणि तीन पानांत जिच्या वाट्याला एक ओळ आली तिचं काय? एल-१ वाल्याच्या बायकोला अमेरिकेत काम करता येतं, पण नर्सिंगसाठी परीक्षा आणि राज्याचं लायसन लागतं. न्यूझीलंडच्या नर्सिंग कौन्सिलचीही परीक्षा आहे, लेखी आणि प्रात्यक्षिक. ती पास होईपर्यंत साउथलँडच्या थंडीत, ओळखपाळख नसलेल्या गावात, तू चार दिवस कामावर आणि उरलेले चार डोंगरात असताना ती काय करणार आहे, हे तिला विचारलंस का? जीएमसीतली कायमची नोकरी सोडून ती येणार आहे. तिला हा सगळा मजकूर वाचायला दे. पुढचं पत्र दोघांच्या सहीनं पाठवा, त्याचं उत्तर आधी देईन.