मुलाला एकट्याला गावी पाठवू का?

तुमचं पत्र इस्रायलमधल्या बीरशेबाहून आलं. नवरा तिथल्या बेन-गुरियन विद्यापीठात संशोधन करतो, मुलगा सहा वर्षांचा आहे. सोलापूरहून सासूबाई रोज फोनवर म्हणतात, "तुम्ही राहा तिकडे, पण नातवाला तरी आमच्याकडे पाठवा." त्यांचं ऐकावं का, असं तुम्ही विचारता.

ताई, एकट्याला पाठवू नका. यायचं तर तिघं मिळून या; राहायचं ठरलं तर त्यालाही जवळच ठेवा.

सासूबाईंची काळजी मला कळते. जून 2025 मध्ये तुमच्याच शहरातल्या सोरोका रुग्णालयावर इराणचं क्षेपणास्त्र पडलं. ती दृश्यं त्यांनी घरी बसून पुन्हा पुन्हा पाहिली असणार, जीव टांगणीला लागणारच. पण दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये लाखो मुलांना बॉम्बपासून वाचवण्यासाठी शहरांतून खेड्यापाड्यांत पाठवलं होतं, त्याचा अनुभव लक्षात घ्या. बालमानसतज्ज्ञ अ‍ॅना फ्रॉइड तेव्हा लंडनमध्ये युद्धाची झळ बसलेल्या मुलांसाठी पाळणाघरं चालवत होत्या. त्यांना दिसलं ते असं, की लहान मुलं बॉम्बपेक्षा आईची ताटातूट झाल्यानं जास्त खचतात. आई जवळ असली आणि ती स्वतः सावरलेली असली, तर मूल बरंच सोसतं. सोलापुरात आजीच्या कुशीत तो सुरक्षित असेल, पण रात्री "आई कुठंय" म्हणून रडेल तेव्हा आजी काय सांगणार?

आता तुमच्या घराबद्दल. जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, घरात ममाद (काँक्रीटची सुरक्षित खोली) नाही, असं तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय. मला सगळ्यात जास्त काळजी याच ओळीची वाटली. 1991 च्या आखाती युद्धात इराकच्या क्षेपणास्त्रांच्या धास्तीनं तिथले लोक खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून, गॅस मास्क घालून बसले होते. त्यानंतर नव्या घरांत अशी खोली बांधणं सक्तीचं झालं. गाझाकडून रॉकेट आलं तर बीरशेबात भोंगा वाजल्यापासून एक मिनिट मिळतं. इराणच्या माऱ्यात फोनवर आधी सूचना येते, पण तिच्यावर विसंबू नका. झोपेतलं पोर खांद्यावर टाकून, चपला शोधून, तीन मजले उतरून मिक्लातपर्यंत, म्हणजे सार्वजनिक निवाऱ्यापर्यंत, पोचायला ते मिनिट पुरत नाही. भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल, ममाद असलेलं घर बघा. बाकी सगळं नंतर.

निघायचं कधी, हेही आजच ठरवा. भोंगे वाजत असताना ठरवायला बसलात तर भांडणच होईल. शाळा किती दिवस बंद राहिली की निघायचं, मुलाची झोप उडाली तर काय करायचं, हे दोघांनी बसून कागदावर लिहा. जून 2025 मध्ये बेन-गुरियन विमानतळ बंद होता. भारत सरकारच्या 'ऑपरेशन सिंधू' या सुटका मोहिमेतून परतलेल्या भारतीयांना इस्रायलमधून आधी रस्त्यानं जॉर्डन किंवा इजिप्त गाठावं लागलं, मग विमान मिळालं. म्हणून तेल अवीवच्या भारतीय वकिलातीत तिघांची नोंद हवी, पासपोर्टची मुदत हवी, आणि बाहेर पडल्यावर परत प्रवेश मिळेल का, हेही व्हिसावर पाहून ठेवा.

सासूबाईंना "आम्ही मजेत आहोत" असं सांगणं सोडा, त्यांना ते पटत नाही. तुमच्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे तीन वाजतात तेव्हा सोलापुरात साडेपाच झालेले असतात. त्या उठतात आणि चहाच्या आधी मोबाईल बघतात. निवाऱ्यात गेलात की "आत आहोत", बाहेर आलात की "बाहेर आलो", एवढे दोनच निरोप नेमानं पाठवा. बाकी नातेवाइकांना दीर कळवतील.

शेवटी तुमच्या मुलाचा प्रश्न: "ते आपल्याला का मारतात?" याचं उत्तर 'ते वाईट आहेत' असं देऊ नका. सोरोकात अरब आणि ज्यू डॉक्टर, नर्स एकत्र काम करतात, हे त्याला सांगा. आसपासच्या बेदुईन, म्हणजे वाळवंटातल्या अरबांच्या, कितीतरी वस्त्यांत निवाराच नाही, हेही सांगा. एप्रिल 2024 मध्ये इराणच्या माऱ्यात गंभीर जखमी झालेली मुलगी तिथलीच, अवघ्या सात वर्षांची. 7 ऑक्टोबर 2023 ला हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे 1200 माणसं मारली गेली, त्यानंतर गाझात हजारो मुलं गेली. आकडे त्याला आत्ता नकोत, पण दोन्हीकडे आई-बाबा रडतात हे सहा वर्षांच्या पोराला नीट कळतं. शेजारी कोकणातून गेलेले बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, आजी-आजोबा असतील तर त्याला त्यांच्याकडे घेऊन जा. त्यांनी बरीच युद्धं पाहिली आहेत, आणि ते त्याच्याशी मराठीत बोलतील.

ऑक्टोबर 2025 मध्ये गाझात शस्त्रसंधी झाली तेव्हा हमासच्या ताब्यातले ओलीस घरी आले आणि गाझातली माणसं आपल्या पडक्या घरांकडे पायी निघाली. शांतता म्हणजे काय, असं त्यानं कधी विचारलं, तर ही दोन्ही चित्रं त्याला शेजारी शेजारी दाखवा.