गोटा, अंडं आणि काकड भैरव

प्रश्न : धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावचे लोक ज्या गोल दगडांना काकड भैरव म्हणून पुजत होते, ती डायनासोरची अंडी निघाली, अशी बातमी 2023 च्या डिसेंबरात आली होती. परवा जेवताना तो विषय निघाला. सासरे म्हणाले, ‘‘आज अंडं म्हणताहेत, उद्या आणखी काही म्हणतील. यांचे नुसते सिद्धांत! देव असा बदलतो का?’’ दहावीतली मुलगी ताटावरून उठून भांडायला लागली. मी कुणाची बाजू घेऊ?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, आधी मुलीला परत ताटावर बसवा. सासऱ्यांची शंका वाईट नाही. सगळेच गोल दगड अंडी नसतात, हे मी तरी नाकारणार नाही.

मी जन्मभर कॉलेजात भूशास्त्र शिकवलं. दर हिवाळ्यात मुलांना बाघ-कुक्षीकडे घेऊन जायचो आणि दर वर्षी कुणीतरी गोटा छातीशी धरून पळत यायचा, ‘‘सर, अंडा मिल गया!’’ बहुतेक वेळा तो आपला माळव्याचा काळा दगडच असायचा. हा दगड झिजताना कांद्यासारखी सालं सोडतो आणि आत गोळा उरतो. अंडं म्हणायचं तर कवच दाखवावं लागतं. त्याची जाडी काही मिलिमीटर. त्याचा तुकडा काचपट्टीवर चिकटवून उजेड आरपार जाईल इतका पातळ घासायचा. माझे निम्मे तुकडे या घासण्यातच गेले. उरलेला सूक्ष्मदर्शकाखाली धरला की कवचातले उभे स्फटिक आणि हवा जायची छिद्रं दिसतात. ती दिसली तर अंडं, नाहीतर गोटा. गोटा कुणी आणला, तो किती शिकलेला, याला तिथे काडीची किंमत नाही. बाघ-कुक्षीच्या त्याच पट्ट्यातली 92 घरटी आणि 256 अंडी शास्त्रज्ञांनी 2023 मध्येच प्रसिद्ध केली. प्रत्येक अंडं 15 ते 17 सेंटिमीटरचं, म्हणजे नारळाएवढं. मादी कोणत्या जातीची यावर लोक भांडतील. ती अंडी आहेत यावर आता नाही.

आता ‘उद्या बदलतील’ याबद्दल. मी स्वतः बदललो, तो किस्सा सांगतो. 1980 मध्ये लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी मांडलं की 6.6 कोटी वर्षांपूर्वी आकाशातून प्रचंड दगड आदळला आणि डायनासोर संपले. पुरावा काय, तर इटलीतल्या गुब्बिओच्या बोटभर चिकणमातीत इरिडियम फार जास्त सापडलं. हा धातू जमिनीवरच्या दगडांत दुर्मीळ, उल्कांत मात्र भरपूर. मी वर्गात हसलो होतो. बाप भौतिकीतला नोबेलवाला. म्हटलं, यांना दगडातलं काय कळतंय! पण तसाच थर डेन्मार्कमध्ये निघाला, न्यूझीलंडमध्ये निघाला. 1991 मध्ये मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्याखाली सुमारे 180 किलोमीटर रुंदीचं विवर ओळखलं गेलं, आणि त्याचं वयही जुळलं. एकमेकांशी संबंध नसलेल्या माणसांची मापं एकाच जागी येऊन ठेपायला लागली, की हसणाऱ्याला गप्प बसावं लागतं. त्या उन्हाळ्यात मी नोट्स पुन्हा लिहिल्या. जुनी वही बायकोनं रद्दीत घातली, बरंच केलं.

पण गोष्ट तिथे संपली नाही, कारण दुसरा संशयित आपल्या पायाखाली आहे. इंदूर ज्या काळ्या दगडावर बसलंय तो दख्खनचा लाव्हा, आणि तोही त्याच सुमारास उसळत होता. त्याचे मोठे लोंढे आघाताच्या आधी आले की नंतर? 2019 मध्ये ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेच्या एकाच अंकात दोन गटांनी वेगवेगळ्या पद्धतींनी वय काढून दोन वेगळी उत्तरं दिली. सासऱ्यांना हे जरूर सांगा, त्यांना आनंद होईल. मग हळूच हेही सांगा, की हे भांडण आता कोटी वर्षांवरून हजारो वर्षांवर आलंय. दगड पडलाच नव्हता, असं म्हणणारं त्यात कुणी नाही.

राहिला देव. आम्ही एकदा खंडवा रोडनं निघालो होतो. भेरूघाटात आमच्या जीपवाल्यानं गाडी थांबवली, भैरवाला नारळ फोडला, आणि लगेच बॉनेट उघडून ब्रेकचं तेल बघितलं. एका पोरानं खोचक विचारलं, ‘‘बाबा पर भरोसा नहीं क्या?’’ तो म्हणाला, ‘‘बाबा का काम बाबा करेंगे, तेल तो मेरे को ही डालना है।’’ पाडल्याच्या लोकांचंही मला तसंच वाटतं. काकड म्हणजे शेताची शीव. तिची राखण करणाऱ्या भैरवाचं, दगड अंडं निघाल्यानं काय बिघडलं? तो गोटाच निघाला असता तरी काय बिघडलं असतं?

बिघडतं ते देवाला विज्ञानाचा दाखला जोडायला गेलं की. विश्व प्रसरण पावतंय आणि त्याला एक आरंभ असावा, हे मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक पाद्री होते. 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी या सिद्धांतात सृष्टिनिर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा खूश व्हायचं सोडून लमेत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, असंच ते म्हणत राहिले. आपल्याकडे ‘हे सगळं पुराणात आधीच होतं’ म्हणणाऱ्यांना हा पाद्री भेटायला हवा होता. सिद्धांतात उद्या दुरुस्ती झाली, तर ही मंडळी पुराणातही करणार का?

प्रश्न : सिद्धांत पूर्ण सिद्ध झाला की त्याचा ‘नियम’ होतो, असं आम्हाला शाळेत शिकवलं. बरोबर का?
— एक विद्यार्थी, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : नाही. ही कारकुनाची बढती नव्हे. काय घडतं ते नियम सांगतो, का घडतं ते सिद्धांत. आणि नियमालाही पेन्शन ठरलेली नसते. न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम 1687 चा. बुधाची कक्षा शतकाला 43 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) जास्त सरकते, हे त्याला काही केल्या सुटेना. ते 1915 मध्ये सुटलं आइन्स्टाइनच्या ‘सिद्धांता’नं. परीक्षेत मात्र न्यूटनचं सूत्र लिही, मार्क त्यालाच आहेत.