आधी होडी मोजून घे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

पहिलंच लाकडी मॉडेल करायला 'एचएमएस व्हिक्टरी' या जहाजाचं किट मागवू का, असं तू विचारलंयस. आत्ता मागवू नकोस. पैशांचा भाग सोडून दे, त्याची सोय करता येईल. पण ते 1765 साली पाण्यात उतरलेलं, शंभरावर तोफांचं जहाज आहे. प्रत्येक तोफेला गाडा, गाड्याला चाकं, शिवाय दोर आणि कप्प्या. त्याच त्या आकाराचे शेकडो तुकडे घासता-चिकटवता नवशिक्याचा जीव मेटाकुटीला येतो आणि अर्धवट सांगाडा माळ्यावर जातो. याहून मोठी अडचण अशी की ते जहाज आहे इंग्लंडात, पोर्ट्समथला. तुझ्या हातातला तुकडा बरोबर की चूक, हे तू विजयदुर्गात बसून कसं पडताळणार? किटवाल्याने जे दिलं ते खरं मानायचं, एवढंच तुझ्या हाती राहतं.

तुझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर लाकडी होड्या आहेत. त्यांच्या फळीवर हात ठेवता येतो, खिळ्यांमधलं अंतर मोजता येतं, आणि ती बांधणारा किंवा वापरणारा माणूस समोर बसलेला असतो. पहिलं मॉडेल त्यातल्याच एका होडीचं कर. तेही लाकडापासून सुरू करू नकोस, मापापासून कर.

वेळही अगदी योग्य आहे. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या. पाण्यात असलेल्या होडीचा खालचा अर्धा भाग आपल्याला कधी दिसतच नाही आणि सगळं सौंदर्य तर तिथेच असतं. आता ती पठाणापासून, म्हणजे तळाच्या कण्यापासून, काठापर्यंत उघडी आहे. नारळी पौर्णिमेनंतर ती पुन्हा दर्यात जाईल, म्हणजे उघडीप मिळेल तेव्हा जायला हवं. मालकाला आधी विचार. कशासाठी मोजतेस ते नीट सांग. बहुतेक जण नुसती परवानगी देऊन थांबत नाहीत, टेपचं दुसरं टोक धरायला उभे राहतात.

होडी निवडताना मोठा ट्रॉलर नको. उलांडीची होडी बघ, सहा-सात मीटरची. अंग अरुंद, दोन्ही टोकं निमुळती, बाजूला आडव्या दांड्यांना बांधलेली उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारा तरंगता ओंडका. तुकडे थोडे, पण प्रत्येक तुकड्याला काम आहे. 1:24 हे प्रमाण धर. सहा मीटरची होडी 25 सेंटिमीटरची होईल, टेबलावर मावेल, आणि 24 मिलिमीटरचा दोर 1 मिलिमीटरचा होईल, म्हणजे बोटांना हाताळता येईल. 1:72 दिसायला मोहक असतं, त्यात सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो, पण तिथे दोराची गाठ मारायला वर्षांचा सराव लागतो.

आता मोजणी. ही पायरी घाईत उरकू नकोस, पुढचं सगळं काम हिच्यावर उभं आहे.

नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या, टोकापासून मागच्या टोकापर्यंत मधोमध एक सुतळी ताणून बांध. ती तुझी मध्यरेषा. तिच्यावर दर 50 सेंटिमीटरला खूण कर. दोन्ही टोकांकडच्या शेवटच्या मीटरभरात मात्र दर 25 सेंटिमीटरला, कारण तिथे आकार झपाट्याने बदलतो. प्रत्येक खुणेवर दोन्ही काठांवर टेकेल अशी सरळ पट्टी आडवी ठेव. पट्टीच्या टोकाला गुण्याने (सुताराच्या काटकोनी पट्टीने) काटकोनात दुसरी पट्टी खाली सोड आणि दर 10 सेंटिमीटर खाली गेल्यावर तिथून होडीच्या अंगापर्यंतचं अंतर मोज. ओळंबा वापरण्याचा मोह होईल. होडी वाळूत अगदी सरळ उभी असेल तरच तो चालतो. एका बाजूला जरा जरी कललेली असेल तर ओळंबा फसवतो, कारण तो जमिनीला लंब असतो, होडीला नाही. गुण्या होडीबरोबर कलतो, म्हणून त्याची मापं खरी.

दोन्ही बाजू मोज. हाताने, नजरेने बांधलेल्या होडीत डावी-उजवी बाजू एक-दोन सेंटिमीटरने वेगळी निघते. वहीत दोन्ही आकडे लिही, मॉडेलसाठी सरासरी घे. 1:24 ला दोन सेंटिमीटरचा फरक एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. पण वहीतला आकडा कधी 'सुधारू' नकोस.

फोटो भरपूर काढ आणि प्रत्येक फोटोत एक मोजपट्टी ठेव. उलांडीचे दांडे काठाशी कसे बांधलेत, दोराचे किती वेढे, गाठ आतून की बाहेरून, हे जवळून टिप. भाग दिसला की त्याचं नाव विचार आणि मालक सांगेल तेच लिही, पुस्तकातलं नको. एका खाडीतलं नाव दुसऱ्या खाडीत बदलतं.

एवढा आग्रह का, तेही सांगतो. गोदीतल्या मोठ्या जहाजांचे आराखडे असतात, ती कागदावर तरी राहतात. आपल्या होड्या मिस्त्रीच्या डोक्यात असतात. त्याने वडिलांच्या हाताखाली शिकलेलं, खडूने फळीवर आखलेलं, आणि होडी झाली की पुसलेलं. आता किनाऱ्यावर फायबरच्या होड्या वाढल्यात. त्या टिकाऊ आहेत, त्यांना दरवर्षीची डागडुजी लागत नाही, मच्छीमाराने त्या घेणं अगदी रास्त आहे. पण त्यामुळे लाकडी होडी मोडीत निघाली की तिचा आकारही तिच्याबरोबर जातो. तुझी मापांची वही आणि मॉडेल ही त्या आकाराची कदाचित एकमेव नोंद असेल. म्हणून मी सुबकपणापेक्षा खरेपणा वरचा मानतो. चकचकीत पण चुकीचं मॉडेल मला दाखवायला आणू नकोस. ओबडधोबड पण बरोबर असलेलं आण.

मराठा आरमाराचं एखादं गुराब, म्हणजे लढाऊ जहाज, करावं असं तुझ्या मनात आहेच, तू विजयदुर्गची. 1756 च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी किल्ल्यावर हल्ला केला तेव्हा आंग्र्यांचं आरमार त्याच बंदरात जळालं. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने या जहाजांचं वर्णन केलंय. गुराबाला बहुधा दोन डोलकाठ्या, मोठ्यांना तीन. लांबीच्या मानाने रुंदी जास्त, पाणी कमी लागणारं. पुढे गोल नाळेऐवजी भूमध्य समुद्रातल्या गॅली नावाच्या वल्ह्यांच्या जहाजासारखं लांब चोचदार टोक, आणि त्या टोकावरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा. गलबत त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं, मोठ्या तिकोनी शिडाचं. हे वाचून डोळ्यांपुढे चित्र उभं राहतं, पण त्यात फासळ्यांचा आकार नाही, फळ्यांची जाडी नाही. ती रिकामी जागा कशी भरायची हे तुला खऱ्या होड्या मोजल्यावरच कळेल. भारतीय नौदलात 2025 च्या मे महिन्यात दाखल झालेली शिवलेली नौका 'कौंडिण्य' अशीच झाली. आधाराला अजिंठ्याचं एक भित्तिचित्र, आणि बाकीचं फळ्या काथ्याने शिवणाऱ्या कारागिरांच्या हातातलं ज्ञान. तेव्हा गुराब जरूर कर, पण तिसरं किंवा चौथं. दरम्यान गिर्येला जाऊन वाघोटण खाडीकाठची आरमारी गोदी पाहून ये. काठाने चाल, रुंदी पावलांनी मोज, आत केवढं जहाज वळेल याचा अंदाज बांध. कागदावर वाचलेल्या टनांना तिथे आकार येतो.

लाकडाबद्दल तुझी समजूत थोडी बदलायला हवी. खरी होडी सागाची म्हणून मॉडेलही सागाचं, असं नसतं. सागाचे रेषे ठसठशीत. 1:24 ला ते दोरखंडाएवढे दिसतात. हेदूचं लाकूड बघ. पिवळसर, बारीक पोताचं, धारेखाली स्वच्छ कापलं जाणारं. कोरायला शिवणीच्या झाडाचं लाकूड चांगलं. सुताराच्या आवारातले उरलेले तुकडे पुरतात, फक्त सालीजवळचं पांढरं लाकूड घेऊ नकोस, त्याला कीड लागते. कप्प्या, खुंट्या असले गोल तुकडे हाताने घासून एकसारखे होत नाहीत. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी करणाऱ्यांचं काम एकदा बसून पाहा. लाकडाला गोलाई कशी देतात, धार कुठे टेकवतात, हे पाहिलेलं आयुष्यभर उपयोगी पडतं.

अंग दोन प्रकारे करता येतं. पहिल्या खेपेला थरांची पद्धत घे. मापांवरून दर 5 मिलिमीटर उंचीवरचा होडीचा आडवा छेद काढायचा, त्या आकाराच्या फळ्या कापून एकावर एक चिकटवायच्या, आणि पायऱ्या रंध्याने व कानशीने उतरवायच्या. पुठ्ठ्यातून कापलेले उभे छेदांचे साचे लावून सतत तपासत राहा. पायरीची आतली कड ही तुझी खरी रेषा. ती पुसली गेली की थांब.

फासळ्यांवर फळ्या बसवणं दुसऱ्या मॉडेलला. त्यातली एकच गोष्ट आत्ता लिहून ठेव, कारण इथेच बहुतेकांचं काम बिघडतं. फळी सगळीकडे सारख्या रुंदीची नसते. होडीचा घेर मध्ये मोठा आणि टोकांकडे लहान. समजा मधल्या फासळीवर काठापासून पठाणापर्यंत 96 मिलिमीटर भरले आणि तुला 16 फळ्या बसवायच्यात, तर तिथे प्रत्येक फळी 6 मिलिमीटर. नाळेजवळ तोच घेर 64 भरला तर तिथे 4. प्रत्येक फासळीवर हा भागाकार करायचा, खुणा करायच्या आणि फळी त्याप्रमाणे तासायची. हे न करता सरळ पट्ट्या चिकटवत गेलं की नाळेशी फळ्या एकमेकींवर चढतात, आणि मग भुसा-सरसाने भरून रंग फासण्यावाचून उपाय उरत नाही. वाकवण्यासाठी फळी गरम पाण्यात भिजव आणि तापलेल्या लोखंडी नळीवर हळूहळू दाब. ती जाडीतून वाकते, रुंदीतून वाकत नाही. रुंदीतून वाकवायची गरज पडली, तर तासणी चुकली असं समज.

शिडाच्या होड्या आता दिसत नाहीत, तरी मचवा करायची वेळ येईल तेव्हा परदेशी जहाजांची चित्रं समोर ठेवू नकोस. आपल्या मचव्याची डोलकाठी सरळसोट उभी नसते, ती पुढे झुकलेली असते. परबाण, म्हणजे शीड बांधायचा आडवा दांडा, डोलकाठीहून लांब असू शकतं आणि ते एका लाकडाचं नसतं, दोन-तीन तुकडे एकमेकांवर चढवून दोराने आवळलेले असतात. ते वेढे मॉडेलवर दाखव, त्याने सगळं जिवंत होतं. आणि डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या दोरांमध्ये व्हिक्टरीवर असतात तशा शिडीच्या पायऱ्या विणू नकोस. तिरक्या शिडाच्या जहाजावर हे दोर कप्प्यांनी वाऱ्याच्या बाजूला ताणतात, वळताना सोडून दुसरीकडे नेतात. पायऱ्या असत्या तर ते जमलंच नसतं. अनेक सुंदर मॉडेलांवर मी ही चूक पाहिली आहे आणि प्रत्येक वेळी हळहळलो आहे.

शिडाला घरातली सगळ्यांत तलम मलमल वापर, चहाच्या पाण्यात बुडवून. कोरं पांढरं शीड खोटं दिसतं. रंगाचंही तसंच: चकाकी नको, आणि डब्यातल्या रंगात थोडा पांढरा मिसळ, लहान वस्तूवर गडद रंग आहे त्याहून गडद वाटतो.

आपल्या हवेचा मात्र विचार करायलाच हवा, तो परदेशी माहितीपुस्तिकांमध्ये नसतो. पावसाळ्यात लाकूड फुगतं, फेविकॉल वाळायला दुप्पट वेळ घेतो आणि फेव्हिक्विकभोवती पांढरी बुरशीसारखी झाक येते. म्हणून या दिवसांत मोजणी आणि आराखडा, सांधणी दिवाळीनंतर. सुती दोरा दमटपणात आखडतो आणि कोरड्या हवेत सैल पडतो, त्यामुळे आषाढात ताठ बांधलेले दोर माघात लोंबतात. पॉलिएस्टरचा दोरा घे, त्यावर मेण फिरव. नायलॉन नको, तो ताणला जातो. पितळ खाऱ्या वाऱ्याने काळवंडतं. होडीवर ते बरंच दिसतं, राहू दे.

मोठं युद्धजहाज करायची हौस आहे, ती दाबून टाक असं मी म्हणत नाही. वेळ आली की 'ट्रिंकोमाली' कर. ती मुंबईच्या गोदीत वाडियांच्या देखरेखीखाली सागात बांधली गेली, 1817 साली पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. तिचे आराखडे घेऊन निघालेलं 'जावा' हे जहाज 1812 मध्ये अमेरिकी जहाजाशी झालेल्या लढाईत हरलं, ते जाळून टाकण्यात आलं आणि दुसऱ्या प्रती येईपर्यंत मुंबईतलं काम अडून राहिलं. व्हिक्टरीपेक्षा ती तुला जास्त जवळची वाटेल.

सध्या एवढंच कर: वही, टेप, गुण्या, सुतळी आणि दोन सरळ पट्ट्या घेऊन बंदरावर जा. मापं झाली की आलेख कागदावर 1:24 मध्ये तीन चित्रं काढ, बाजूने, वरून आणि समोरून. तिन्हींत एकच बिंदू एकाच ठिकाणी येतो का ते तपास; येत नसेल तर त्या खुणेवर पुन्हा जाऊन मोज, अंदाजाने रेष ओढू नकोस. चित्रांची आणि वहीच्या पानांची प्रत मला पाठव. नाळेकडच्या शेवटच्या तीन खुणांचे आकडे लाल शाईने लिही, ते मी आधी बघेन. हेदूचा एक ओंडका सावलीत वाळत ठेवलाय. आराखडा जमला की त्यातून तुझ्यासाठी फळ्या कापून घेऊ.

आईबाबांना नमस्कार सांग.

तुझा,
काका